श्वासाकडे लक्ष

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. दर खेपेला अर्ध्या लिटरच्या आसपास हवा आत जाते आणि तेवढीच बाहेर पडते. हे काम झोपेतही थांबत नाही, कारण त्याचा हुकूम मेंदूच्या अगदी तळाशी असलेल्या केंद्रांतून सुटतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढला तरी या केंद्रांना ते कळते आणि श्वासाची गती वाढते. हृदयाचे ठोके, पचन, घाम ही कामेही अशीच आपोआप चालतात. मात्र हृदयाला कोणी ‘जरा थांब’ म्हणून सांगू शकत नाही. श्वास मनात आले की रोखता येतो, लांबवता येतो, मोजता येतो. आपोआप चालणारी आणि इच्छेलाही वश होणारी अशी ही क्रिया असल्यामुळे शरीर आणि मन यांच्या अभ्यासात तिला जुन्या काळापासून मोठे स्थान मिळाले.

श्वासाची दुसरी खासियत काळाची आहे. आठवण कालची असते, काळजी उद्याची असते. श्वास मात्र चालू क्षणाचाच असतो. त्यामुळे लक्ष श्वासावर आहे तोवर ते वर्तमानात आहे, असे निश्चितपणे म्हणता येते. मनाला ही जागा फारशी आवडत नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. 2,250 प्रौढांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारले जाई, की या घडीला काय करत आहात, आणि मन त्याच कामात आहे की दुसरीकडे? 46.9 टक्के वेळा उत्तर ‘दुसरीकडे’ असे आले. मन भरकटलेले असताना माणसे एकंदरीत कमी आनंदी असल्याचेही दिसले. विचार सुखद असले, तरी हातातल्या कामात गुंतलेल्या मनापेक्षा ती जास्त आनंदी नव्हती.

लक्ष दोन प्रकारचे असते, आणि हा फरक समजून घेण्यासाठी बारामती आणि इंदापूर या तालुक्यांइतके चांगले ठिकाण सापडणे कठीण. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 साली देहूहून पालखी सोहळा सुरू केला. आजही आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी रोटी घाट चढून उंडवडीला येते आणि तिथून बारामतीत मुक्कामाला जाते. पुढे काटेवाडीत परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. सणसर मागे टाकून पालखी बेलवाडीला पोहोचली, की तिथल्या माळावर अश्वाचे गोल रिंगण होते. घोडा धावू लागला, की कडेने उभ्या असलेल्या हजारो माणसांपैकी कोणालाही ‘लक्ष दे’ असे सांगावे लागत नाही. ऊन, पायाला आलेले फोड, घरी राहिलेली पेरणी, सगळे तेवढ्यापुरते मागे पडते. हे लक्ष बाहेरच्या वस्तूने खेचून घेतलेले असते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने 1890 मधल्या आपल्या ग्रंथात आपसूक जाणारे लक्ष आणि प्रयत्नाने लावलेले लक्ष असा भेद केला होता. रिंगण पाहणाऱ्याचे लक्ष पहिल्या प्रकारचे. मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ पाहणाऱ्याचेही पहिल्याच प्रकारचे, फक्त तिथे भक्ती नसते आणि माणूस तासाभराने उठतो तेव्हा थकलेला असतो. दुसरा प्रकार कष्टाचा. त्यात वस्तू खेचत नाही, माणसाला स्वतः तिच्याकडे जावे लागते आणि सुटल्यावर पुन्हा जावे लागते. श्वास ही या दुसऱ्या प्रकारासाठी जवळजवळ आदर्श वस्तू आहे. त्यात पाहण्यासारखे काही नाही, रंग नाही, गोष्ट नाही. तो कंटाळवाणा आहे, आणि त्याची उपयुक्तता याच कंटाळवाणेपणात आहे. जी वस्तू लक्ष धरून ठेवत नाही, तिच्यावर लक्ष टिकवताना ते टिकवण्याची ताकद वाढते.

या सरावाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा, की मन रिकामे करायचे असते. बसल्यावर विचार आले म्हणून ‘आपल्याला जमत नाही’ असे ठरवून उठणारी माणसे फार आहेत. प्रत्यक्षात सरावाचे एक आवर्तन चार टप्प्यांचे असते. लक्ष श्वासावर ठेवायचे. थोड्या वेळात ते निसटते. निसटल्याचे ध्यानात येते. मग ते न चिडता परत आणायचे. यातला तिसरा टप्पा सर्वांत मोलाचा. मन गेले आहे हे कळले, त्याच क्षणी माणूस पुन्हा वर्तमानात आलेला असतो. दहा मिनिटांत मन चाळीस वेळा गेले आणि चाळीस वेळा परत आणले, तर सराव चांगला झाला असेच म्हणावे लागते.

हे ज्ञान नवे नाही. पाली वाङ्मयातल्या मज्झिम निकायात आनापानसती सुत्त आहे. ‘आनापान’ म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास. त्या सुत्तात श्वासाच्या निरीक्षणाच्या 16 पायऱ्या दिल्या आहेत. पहिल्या पायऱ्या अगदी साध्या: श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणणे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणणे. पाचव्या शतकात बुद्धघोषाने लिहिलेल्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात नवशिक्यांसाठी मोजणीची युक्ती आहे, आणि ती शेतीवाडीतून घेतलेली आहे. मोजणी पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये. सुरुवातीला मापाड्यासारखे सावकाश मोजावे. मापाडी माप भरतो, ओततो, मधेच काडीकचरा बाजूला काढतो, आणि तेवढा वेळ तोच आकडा घोकत राहतो. श्वास स्पष्ट कळू लागला, की गुराख्यासारखे झपझप मोजावे. तो पहाटे गोठ्याच्या दाराशी ओटीत खडे घेऊन बसतो आणि गाय दाराशी आली की खडा टाकून आकडा घेतो. गाय आत कुठे गेली, बाहेर कुठे गेली, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याचप्रमाणे साधकाने श्वासाच्या मागे छातीत किंवा बाहेर जाऊ नये. नाकाच्या दाराशी थांबावे. दूधधंद्यावर संसार चालवणाऱ्या या भागातल्या माणसाला यापेक्षा सोपी सूचना क्वचितच मिळेल.

मराठी वाचकांपर्यंत हे पाली ज्ञान आणण्याचे मोठे श्रेय मूळच्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबी यांना जाते. श्रीलंका आणि ब्रह्मदेशात राहून ते पाली शिकले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी ती शिकवली, विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली आणि ध्यानाच्या पद्धतींवर मराठीत ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक लिहिले. 1956 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्राच्या गावोगावच्या विहारांतही आनापानाची ओळख वाढली.

संतपरंपरेने हाच श्वास वेगळ्या वाटेने हाती घेतला. ज्ञानेश्वर नाथपंथातले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात प्राण आणि अपान यांच्या साधनेचे विस्ताराने वर्णन आहे. नाथपंथी आणि हठयोगाच्या ग्रंथांत प्रत्येक श्वासाबरोबर ‘सोऽहं’ हा जप आपोआप चालतो असे मानतात आणि त्याला अजपाजप म्हणतात. दिवसरात्रीत असे 21,600 श्वास होतात, हा त्यांचा हिशेब. 24 तासांच्या 1,440 मिनिटांनी भागले, तर तो मिनिटाला बरोबर 15 श्वास येतो, म्हणजे आजच्या वैद्यकाने सांगितलेल्या मर्यादेच्या आतच. समर्थांनी दासबोधाच्या सतराव्या दशकात अजपानिरूपणासाठी एक स्वतंत्र समास दिला आहे. विसाव्या शतकात पावसचे स्वामी स्वरूपानंद यांनी हीच सोऽहंसाधना संसारी माणसांना शिकवली. बौद्ध पद्धतीत श्वासाला शब्द जोडायचा नसतो, इथे शब्द जोडलेला असतो. नवशिक्याने दोन्ही एकाच बैठकीत मिसळू नयेत. एक धरावी आणि काही महिने तीच चालवावी.

वारकऱ्याची वाट तर आणखी निराळी. तो बसत नाही, चालतो. आणि चालताना गातो. गाण्यात श्वास फार चोख कामाला लागतो. ओळ संपेपर्यंत हवा पुरवावी लागते, म्हणून उच्छ्वास लांबतो. मग झटकन श्वास घ्यावा लागतो, आणि पुढची ओळ सुरू. इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्डी यांनी 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये यावरचा एक छोटा, पण महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात 23 जणांनी एकदा लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि एकदा बौद्ध मंत्र म्हटला. दोन्ही वेळा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे 6 वर आला आणि हृदयाच्या ठोक्यांतला चढउतार अधिक लयबद्ध झाला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण म्हणण्याची लांबी शरीराला सोयीची निघाली.

शरीराला ही गती का मानवते, याचे कारण बऱ्यापैकी कळलेले आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारा व्हेगस हा मज्जातंतू हे मंदावण्याचे काम करतो. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, की ठोक्यांची ही लाट आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची स्वतःची लाट एकमेकींशी जुळतात. लांब उच्छ्वासाने मन शांत वाटते ते यामुळे. ‘दीर्घ श्वासाने रक्तात खूप ऑक्सिजन जातो’ हे वारंवार ऐकू येणारे स्पष्टीकरण मात्र टिकत नाही. निरोगी माणसाच्या धमन्यांतले रक्त साध्या श्वासातही ऑक्सिजनने 95 टक्क्यांहून अधिक भरलेले असते. त्यात भर घालायला जागाच थोडी असते. उलट, जोरजोराने श्वास घेत राहिल्यास कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

काव्यवाचनाचाही असाच परिणाम दिसला आहे. 2004 मध्ये डर्क सिझार्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या ग्रीक छंदातली कविता चालत चालत म्हणणाऱ्यांचे ठोके आणि श्वास मोजले, तेव्हा दोन्ही एका लयीत येताना आढळले. बारामतीकरांनी हे वाचून मोरोपंतांची आठवण काढली तर ते योग्यच होईल. पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत (1729–1794) कऱ्हेकाठच्या या गावात आयुष्यभर आर्या रचत राहिले. आर्येच्या चरणांत 12, 18, 12 आणि 15 मात्रा असतात. गीतीत शेवटचा चरणही 18 मात्रांचा. बारा मात्रांवर थोडे थबकणे आणि अठरा मात्रांपर्यंत श्वास पुरवणे, हे आर्या मोठ्याने म्हणणाऱ्याला आपोआप करावे लागते. कीर्तनकार ज्या सहजतेने आर्या फेकतात, त्यामागे श्वासावरची पकड असते. आर्या मनातल्या मनात वाचण्याची सवय लागल्यापासून हा लाभ हातचा गेला, ही हळहळण्यासारखीच गोष्ट आहे. शाळांनी त्या पुन्हा मोठ्याने म्हणून घ्याव्यात.

श्वासाची साधना प्रयोगशाळेत नेण्याचे काम पुणे जिल्ह्यातच झाले. स्वामी कुवलयानंद (मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे) यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचे नियतकालिक काढले. आसने आणि प्राणायाम करणाऱ्यांचा रक्तदाब मोजणे, क्ष-किरण चित्रे घेणे, हा उद्योग त्या काळी योग्यांना आणि डॉक्टरांना सारखाच नवा होता. प्राणायामात श्वास मुद्दाम घडवला जातो: पूरक, कुंभक, रेचक. आनापानात श्वास जसा आहे तसा राहू देऊन फक्त पाहायचा असतो. पहिल्यात कसब आहे आणि ते शिक्षकाकडून शिकावे लागते. दुसऱ्यात चुकण्यासारखे फार थोडे आहे, म्हणून एकट्याने सुरुवात करणाऱ्याला ते अधिक सोयीचे.

आनापानाचा आजचा प्रसार मुख्यतः सत्यनारायण गोयंका (1924–2013) यांच्यामुळे झाला. मंडाले येथे जन्मलेले गोयंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, 1969 मध्ये भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात शिबिरे होऊ लागली. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस नाकपुड्या आणि वरचा ओठ यांच्या परिसरात होणारा श्वासाचा स्पर्श एवढेच पाहायचे असते. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ‘मित्र उपक्रम’ या नावाने हाच पहिला टप्पा शाळांत नेला. मुलांनी दहा मिनिटे डोळे मिटून सहज श्वास पाहायचा. तो कितपत रुजतो हे शिक्षकावर ठरते. स्वतः बसणाऱ्या शिक्षकाचा वर्ग बसतो. हातात छडी घेऊन शांतता राखणाऱ्याचा वर्ग नुसता गप्प राहतो.

सराव सुरू करण्यासाठी वेगळी खोली किंवा महागडे ॲप लागत नाही. खुर्चीवर किंवा मांडी घालून, पाठ ताठ पण न आखडता बसावे. नाकाशी होणारा हवेचा स्पर्श किंवा पोटाची वरखाली होणारी हालचाल यांपैकी एक जागा निवडावी. उच्छ्वासागणिक एक असे दहापर्यंत मोजावे आणि पुन्हा एकवर यावे. आकडा चुकला, की एकपासून सुरू करावे. दहा मिनिटांत साधारण दीडशे श्वास होतात, म्हणजे दहाची पंधरा आवर्तने. आरंभी सलग दोन आवर्तने न चुकता झाली तरी पुष्कळ. वेळ रोजची तीच असावी. रोजची दहा मिनिटे आठवड्यातून एकदा काढलेल्या तासाभरापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

बसून मिळालेली सवय कामात उतरली, तरच ‘वर्तमानात जगणे’ या शब्दांना अर्थ येतो. उसाला रात्रीच्या लाइटीवर पाणी देणारा शेतकरी दारं धरतो, तेव्हा सरी भरत आली की बारे मोडून पाणी पुढच्या सरीत वळवायचे असते. मन कर्जाच्या हप्त्यात गेले, की पाणी फुटते. धार काढणाऱ्याचे मन दुसरीकडे असेल, तर ते म्हशीला आधी कळते. भवानीनगरच्या किंवा माळेगावच्या साखर कारखान्यात गाळप हंगामातल्या रात्रपाळीला, बारामतीच्या एमआयडीसीत यंत्रासमोर, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, सगळीकडे गरज तीच आहे. काम सुरू करण्यापूर्वी तीन श्वास पूर्ण भानावर घेणे आणि काम बदलताना पुन्हा तीन घेणे, एवढी छोटी सवयही दिवसाची घाई मोडते. इंदापूर तालुक्यात भिगवण आणि कुंभारगावच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. नावेत बसून ते पाहणाऱ्यांना फोटोची घाई बाजूला ठेवून तासभर नुसते पाहता आले, तर आपसूक जाणारे लक्ष आणि लावलेले लक्ष यांचा सांधा कसा जुळतो, याचा चांगला अनुभव मिळतो.

एका गोष्टीची इथे आठवण ठेवायला हवी. वर्तमानात राहणे म्हणजे सदैव श्वास पाहणे नव्हे. पुणे-सोलापूर महामार्गावर गाडी चालवणाऱ्याचे वर्तमान म्हणजे समोरचा रस्ता. तिथे लक्ष श्वासावर नेणे हीच गफलत होईल. कोयता चालवणाऱ्या ऊसतोड कामगाराचे वर्तमान हात आणि कोयता यांत असते. श्वास ही लक्षाची तालीम आहे. ते लावायची जागा समोरचे काम ठरवते.

फायद्यांचे दावे फार मोठे केले जातात, म्हणून पुरावा नेमका सांगणे आवश्यक आहे. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात तणावग्रस्त रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि तिथून वैद्यकीय संशोधनाला वेग आला. 2014 मध्ये अमेरिकेत 47 चाचण्यांचा, एकूण 3,515 जणांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सजगतेच्या ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाच्या पुराव्यावर थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. झोप, वजन, व्यसन यांवर परिणाम होतो असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. औषध किंवा व्यायाम यांसारख्या उपायांपेक्षा ध्यान सरस असल्याचेही दिसले नाही. ध्यानाने मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो असे सांगणाऱ्यापासून दूरच राहावे.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिल्याने उलट घाबरल्यासारखे होते, विशेषतः ज्यांना पूर्वी मोठा आघात झाला आहे किंवा धडधडीचे झटके येतात त्यांना. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत आणि तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा बाहेरचे आवाज यांवर लक्ष द्यावे. तेवढ्याने न भागल्यास सराव थांबवावा. शेतात पाचट पेटवलेले असताना किंवा धुळीत दीर्घ श्वासाचे प्रकार करू नयेत. दम्याच्या रुग्णाने पंप आणि मानसिक आजाराच्या रुग्णाने गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नयेत. मन सतत उदास राहात असेल, झोप उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर एकट्याने ध्यानाला बसून वाट पाहू नये; केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.